डंपावरचा महादेव

“बूट-चपला इथंच काढायच्या. वर देवस्थान आहे,” असं म्हणत लोहकरे साहेबांनी सगळ्यात आधी स्वतःचे बूट काढले आणि पायरीच्या कडेला जोडीनं लावून ठेवले. खाणीचे मॅनेजर म्हणून त्यांच्या ऑफिसात मी तोवर बरेच हेलपाटे घातले होते, पण एवढी नम्रता त्यांच्या अंगात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही डंपाच्या पायथ्याशी उभे होतो. कोळसा काढण्याआधी वरची माती, मुरूम, दगड उपसून त्याचा डोंगर रचतात. आमच्या वणीकडं त्याला डंप म्हणतात. खाणीतला कोळसा संपला होता. कंपनीनं या डंपाला नीट टप्पे पाडले की नाही, पाणी वाहून न्यायला नाल्या काढल्या की नाही, माती धुपते का, झाडं जगली का, गाजरगवत माजलं का, हे बघायला समिती आली होती. समितीनं ‘काम पूर्ण’ म्हटलं की कंपनी हात झटकून मोकळी. मी कोसारखेडची उपसरपंच, म्हणून समितीत गावाची प्रतिनिधी. गावातलं कुणीतरी घ्यावं असा नियम होता, आणि बाई घेतली म्हणजे ती गप्प बसेल असा लोहकरे साहेबांचा अंदाज होता. अंदाज बांधण्यात ते एकंदरीत कच्चेच होते.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. डंपाच्या मागच्या अंगाला, अगदी पायाशी, आमच्या गावाची खालटोली, म्हणजे खालची वस्ती, आहे. आदल्या पावसाळ्यात मागच्या उतरणीवरून चिखल सुटला आणि टोलीतल्या घरांत घुसला. माझी चुलतसासू धृपताकाकी तिथंच राहते. तिच्या घरात चिखल खाटेच्या वर चढला होता आणि शेळ्या बांधल्या जागी मेल्या होत्या. समितीनं एकदा मागं यावं, आपल्या डोळ्यांनी बघावं आणि पाऊस लागायच्या आत तिथं दगडी नाली बांधायला लावावं, एवढंच माझं मागणं. समिती न बघता गेली असती तर कंपनीही गेली असती, आणि पुढच्या पावसात टोली गाडली गेली असती.

समितीचे अध्यक्ष होते डॉक्टर चांदूरकर. हे डॉक्टर औषधाचे नव्हेत, भूगोलाचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते अशाच समित्यांवर फिरत आणि प्रत्येक ठिकाणी गळ्यात हार पडेपर्यंत गाडीतून उतरल्याचं मनावर घेत नसत. दुसरे डेहणकर, वनखात्यातून निवृत्त झालेले. जेवण किती वाजता आहे, एवढी एकच शंका त्यांना होती आणि ती ते सकाळपासून दर माणसाला विचारत होते.

आम्ही अनवाणी वर निघालो. पायऱ्यांवर काथ्याची चटई अंथरली होती, वर हिरव्या जाळीची सावली. मे महिन्याचं ऊन, पण साहेबांच्या तळव्यांना त्याची खबर लागणार नाही अशी चोख व्यवस्था. दोन्ही बाजूंना आखीव रेषेत झाडं आणि मध्ये झाडून काढल्यासारखी स्वच्छ माती.

चांदूरकर सर मध्येच थांबले आणि वाकून बघू लागले. “वा. गाजरगवत औषधालाही नाही. तणनियंत्रण उत्कृष्ट.”

“गेल्या आठवड्यापर्यंत होतं, सर,” मी म्हटलं. “आमच्या टोलीच्याच बायांनी उपटलं. अजून त्यांच्या हातांची खाज गेली नाही.”

“मग नियंत्रण झालंच की.”

“फुलावर आलेलं गवत उपटून मागच्या उतरणीवर फेकलंय. तिकडं तर आधीपासूनच तुमच्या छातीएवढं वाढलंय. मागं चला, दाखवते.”

लोहकरे साहेब मोठ्यानं हसले. “ताईंचा गावावर फार जीव आहे, सर.”

“असावा, असावा,” सर म्हणाले आणि जीव असण्यावर पुढच्या पाच-सहा पायऱ्या बोलत राहिले.

वर पोचलो तर महादेवाचं छोटंसं देऊळ. गुळगुळीत टाइल्स, घंटा, पुढं मंडप आणि त्यात खुर्च्या. आदल्या वर्षीच्या शिवरात्रीला लोहकरे साहेबांनी ते बांधलं होतं. माणूस देवाधर्माचा मुळीच नव्हता, म्हणून गावात तेव्हा सगळ्यांनाच नवल वाटलं होतं. देवळाच्या मागं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी जाळी ताणलेली, आणि तिच्यावर चांदूरकर सरांच्या स्वागताचा भलामोठा फलक, फोटोसकट. मंडपापुढं चटई संपत होती.

“सर, आता मागची बाजू,” मी म्हटलं.

“अवश्य.” सरांनी चटईवरून एक पाऊल बाहेर टाकलं आणि लगेच मागं घेतलं. पुढं काळा तापलेला दगड आणि सगळीकडं बाभळीचे काटे. “पण अनवाणी कसं जायचं?”

“बूट मागवू की वर.”

“ताई, देवस्थान आहे हे,” लोहकरे साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. “देवाच्या दारात बूट?”

“छे, छे,” सरांनी कानाच्या पाळीला हात लावला. “तसं काही करायचं नाही. इथूनही सगळं छान दिसतंय.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिवाळ्यात आलेली समितीही मंडपात बसून चहा पिऊन गेली होती, आणि लोक मागं का येत नाहीत हे आम्हाला उमगत नव्हतं. देऊळ त्यासाठीच होतं. पाहुणा पायथ्याशी बूट काढणार, चटई संपेल तिथं तपासणी संपणार. लोहकऱ्यांनी माणसं अडवायला देव बसवला होता. मला इतका संताप आला की दोन क्षण मला नीट दिसेना. आणि वर काही बोलावं तर मीच पाखंडी ठरणार होते.

डेहणकरांनी जेवणाची वेळ विचारली. सरांनी मात्र पिंडीकडं बघून हात जोडले. “आधी अभिषेक करू. पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, अनायासे योग आलाय. लोहकरे, पाणी आहे?”

पाणी होतं. समितीसाठी आणलेले थंड पाण्याचे जार होते, तेच देवळात गेले. सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, मला पितळेचा तांब्या दिला आणि म्हणाले, “ताई, तुम्ही बाहेर गोमुखाशी बसा. तीर्थ धरा.”

पिंडीवर घातलेलं पाणी उत्तरेच्या भिंतीतल्या दगडी गोमुखातून बाहेर पडतं. मी त्याच्याखाली तांब्या धरून उकिडवी बसले. आत मंत्र सुरू झाले. सरांचा आवाज चांगला होता, हे कबूल करायला हवं. पाणी पडल्याचं मला ऐकू येत होतं, पण गोमुख कोरडं.

“आलं का तीर्थ?” आतून विचारणा झाली.

“नाही, सर.”

पुन्हा मंत्र, पुन्हा पाणी. गोमुखाला ओलसुद्धा आली नाही. मी खाली वाकून बघितलं. देवळाच्या ओट्याला बोट जाईल एवढी चीर गेली होती. कान लावला तर आत पाणी खोल कुठंतरी पडत होतं आणि पाण्याबरोबर माती सुटून घरंगळत होती.

मग मला सगळं कळलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसूही आलं.

“आलं का, ताई?”

“नाही, सर. अजून घाला.”

एक जार संपला. दुसरा आणला. “प्यायला थोडं ठेवा हो,” डेहणकर म्हणाले, पण मंत्रांपुढं त्यांचं कोण ऐकतो. मी दर खेपेला तेच सांगत होते, अजून घाला. पाण्याचा निचरा तपासायला ही मंडळी भर उन्हाळ्यात आली होती, जेव्हा अख्ख्या डंपावर वाहायला थेंब नसतो. सगळ्या तपासणीत निचरा खरोखर तपासला गेला तो एवढाच.

तिसरा जार निम्मा झाला तेव्हा जाळीच्या पलीकडं धप्पकन मातीचा ढेपसा कोसळला. मंत्र थांबले. सर ओल्या पायांनी बाहेर आले, कोरडं गोमुख बघितलं, माझा रिकामा तांब्या बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“लोहकरे, तीर्थ कुठं जातंय?”

“उन्हाळा आहे, सर. नवं बांधकाम पाणी पितं.”

“अडीच जार? अभिषेकाचं पाणी बाहेर न येणं हे फार वाईट लक्षण आहे. आणि अभिषेक मी केलाय.”

मी उठले आणि सरांच्या फोटोच्या खालून जाळी वर उचलली.

ओट्याची मागची बाजू अधांतरी होती. खालची माती केव्हाच वाहून गेली होती आणि तिथून सुरू झालेली घळ थेट खालपर्यंत फाटत गेली होती. बैलजोडी उभी राहील एवढी रुंद. दोन्ही काठांवर पांढऱ्या फुलांनी लदलेलं गाजरगवत. आणि घळीच्या तोंडाशी, सरळ रेषेत खाली, खालटोलीचे पत्रे चमकत होते. अंगणात कुणीतरी धुणं वाळत घालत होतं.

“इथं नाली होती, सर,” मी म्हटलं. “वरचं सगळं पाणी तिच्यातून टोली चुकवून खालच्या नाल्यात जायचं. देवळाला सपाट जागा हवी म्हणून साहेबांनी तिचं तोंड बुजवून वर ओटा घातला. पाण्यानं मग ओट्याखालून वाट काढली. ती घरं बघा. गेल्या पावसात हाच चिखल त्यांच्यात गेला.”

सरांनी घरं बघितली नाहीत. ते गुडघा धरून वाकले होते आणि ओट्याखालच्या पोकळीत बघत होते.

“अहो, महादेव लोंबकळतोय,” ते म्हणाले. “एका पावसात खाली येईल.”

घरं खाली होती, ती गेली असती तर चाललं असतं. तळमळ महादेवाची. जिभेवर आलेलं मी गिळलं, कारण सर निदान जाळीच्या पलीकडं बघत होते आणि ते मला बिघडवायचं नव्हतं.

लोहकरे साहेब मात्र तयारीचे. “काळजी नको, सर. पिंड हलवतो. खाली गेटजवळ उत्तम जागा आहे. इथं चार ट्रक मुरूम टाकला की झालं.”

देव हलला, भोक बुजलं की समितीचं काम संपलं असतं. मी पदर डोक्यावरून घेतला, जो मी एरवी घेत नसे, आणि आवाज शक्य तेवढा गरीब केला. “सर, प्रतिष्ठा झालेली पिंड हलवता येते का हो? आम्हा बायांना काय कळतं, तुम्ही जाणते.”

सर सरळ उभे राहिले. जाणते म्हटल्यावर त्यांना तसं उभं राहणं भाग होतं. “प्रतिष्ठा कुणी केली?”

“नागपूरहून गुरुजी आणले होते,” लोहकरे साहेब अभिमानानं म्हणाले. “मोठा कार्यक्रम केला. जिल्ह्यातले सगळे मोठे लोक जेवायला होते.”

“चल की अचल?”

लोहकऱ्यांना प्रश्नच कळला नाही. “एकदम पक्की आहे, सर. सिमेंटमध्ये बसवली.”

“अचल म्हणजे. मग हलवायची नाही. हलवली तर फार मोठा दोष. नालीच बांधावी लागेल.”

“बांधतो ना. खालच्या टप्प्यापर्यंत बांधून टाकतो, सर.”

“टप्प्यापर्यंतच?” मी पुन्हा गरीब झाले. “तिथून पाणी पसरून टोलीच्या अंगणात येईल. महादेवाचं पाणी आहे, ओलांडूही नये म्हणतात. ढोरं, शेळ्या, पोरं, सगळी त्याच्यात पाय घालतील. आमच्या लोकांचं असो, पण दोष कुणाला लागतो, सर?”

सरांनी घळीकडं बघितलं. त्यांचा हात गुडघ्यावर होता. “बांधणाऱ्याला लागतो. आणि बांधायला सांगणाऱ्याला. नाही, ते वाहत्या पाण्यालाच मिळालं पाहिजे. लोहकरे, इथपासून खालच्या नाल्यापर्यंत अखंड दगडी नाली. पाऊस लागायच्या आत. तोवर काम अपूर्ण.”

लोहकरे साहेबांनी माझ्याकडं बघितलं. दुसरा कुठलाही देव बसवला असता तर त्याच्या पाण्याची कुणी विचारपूस केली नसती. त्यांनी नेमका महादेव निवडला होता, आणि आता ते त्याच्यापुढं हात जोडून उभे होते, या खेपेला बहुधा मनापासून.

अहवाल टाइप करून जेवणानंतर सह्या करायच्या असं ठरलं. सरांनी मजकूर सांगितला तेव्हा मी शेजारी होते. मंडळी गेस्ट हाउसकडं जेवायला गेली आणि मी चपला घालून डंपाला वळसा मारून खालटोलीत गेले. गेले कसली, जवळजवळ पळाले. केव्हा एकदा काकीला सांगते असं झालं होतं.

काकी ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. चटई, तांब्या, रिकामे झालेले जार, सरांचा गुडघा. सांगताना मला हसू आवरत नव्हतं. काकी हसली नाही. हातातलं सूप तिनं बाजूला ठेवलं.

“आपल्या टोलीचं का लिवलं?” टोलीबद्दल काय लिहिलं, तेवढंच तिला हवं होतं.

“नाली थेट नाल्यापर्यंत, काकी. दगडाची. आता घरात चिखल नाही यायचा.”

“मी का इचारून रायली अन् तू का सांगून रायली. टोलीचं नाव लिवलं का?”

“नाव नाही. ‘देवस्थानाच्या सुरक्षेसाठी’ असं लिहिलंय.”

काकी म्हणाली, “माह्या शेळ्या मेल्या तवा मी त्या लोहकऱ्याच्या हापिसात गेली होती. त्यानं मले आत नाही घेतलं. आता त्याच्या देवाखालची माती सरकली तं नाली होऊन रायली.”

“होतेय ना पण, काकी.”

“होऊन रायली, चांगलं हाय. पण त्याच्या पाण्याच्या वाटेत पडलो म्हणून वाचलो आपण. माणसं रायतात म्हणून नाही वाचलो.” तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तुही सही रायली हाय ना? जाय. नाव घालून आण. मंग मी चहा मांडतो.”

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी आल्या पावली परत निघाले.

गेस्ट हाउसात पंगत रंगात आली होती. डेहणकरांची शंका अखेर फिटली होती आणि ते श्रीखंडावर होते. टाइप केलेले कागद बाजूच्या टेबलावर होते. मी म्हटलं, “सर, यात खालटोलीचं नाव घाला. धोका तिथल्या घरांनाही आहे. मग मी सही करते.”

सरांनी घास थांबवला. “अहो ताई, नाली तर होते आहे. मग नावाचा हट्ट कशाला?”

“माणसं राहतात तिथं.”

“तेच तर. माणसांना धोका म्हटलं की प्रकरण मोठं होतं. आधी धोका का कळवला नाही, जबाबदार कोण, नुकसान किती, शंभर प्रश्न. मग हा अहवालच अडकतो आणि तुमची नालीही अडकते. देवस्थानाला कुणी प्रश्न विचारत नाही.”

“देव सगळ्यांचाच असतो, ताई,” लोहकरे साहेब म्हणाले आणि त्यांनी सरांच्या ताटात पुरी वाढली.

त्या तिघांच्या अन्नात माती कालवावी असं मला वाटलं. डंपावर तिला तोटा नव्हता. मी तशीच उभी राहिले. सही करणार नाही म्हटलं तर अहवाल अडणार, आणि पाऊस काही माझ्या रागासाठी थांबणार नव्हता. हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून ते शांतपणे जेवत होते.

शेवटी डेहणकरांनी बोट चाटलं आणि त्या दिवसातलं पहिलं कामाचं वाक्य उच्चारलं. “‘देवस्थान व इतर’ असं करा ना. त्यात सगळं येतं. आमच्या खात्यात आम्ही तेच करायचो.”

“वा,” सर म्हणाले. “सुटसुटीत.” त्यांनी डाव्या हातानं पेन घेऊन ओळीच्या वर ते दोन शब्द वाकडेतिकडे लिहिले. मी सही केली.

नाली पुढं झाली. मृग लागायच्या आधीच झाली, कारण लोहकरे साहेबांनाही आता झोप येत नव्हती. सरांचा गुडघा बरा झाला असं ऐकलं, आणि त्याचं श्रेय त्यांनी कुणाला दिलं असेल ते सांगायला नको. कंपनी गेली, साहेबांची बदली झाली. टोलीतली घरं आजही उभी आहेत. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी उन्हातून परत टोलीत आले तेव्हा काकी अजून तूरच निवडत होती.

“घातलं नाव?”

“नाव नाही घातलं. दोन शब्द घातले.”

“का घातलं?”

“‘देवस्थान व इतर.’”

“इतर म्हंजे कोण?”

“आपण.”

मला तिच्याकडं बघवेना. ती आता कागद फाडून ये म्हणेल, मला चार शिव्या घालेल, असं वाटत होतं आणि तिनं ते करावं असंही वाटत होतं. तिनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला आणि चहा मांडायला उठली.

“आजपावतर तं तेवढंबी नोतो,” ती म्हणाली.